आकार आणि आशय : जुन्नरच्या लेण्यांच्या निमित्ताने

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कला आणि भाषा यांतून अमूर्त विचार मूर्त कसा होतो, हा माझा आजचा विषय आहे. शब्द जड आहेत, याची मला कल्पना आहे. सोपे करून सांगायचे तर, जे डोळ्यांना दिसत नाही ते डोळ्यांपुढे आणायचे कसे? करुणा कुणी पाहिली आहे? अनित्यता हातात धरता येते का? माझ्या नोकरीतलेच उदाहरण देतो. बँकेत आम्ही दिवसभर ज्या गोष्टीचा व्यवहार करतो तिचे खरे नाव विश्वास. पण विश्वास काउंटरवरून पुढे सरकवता येत नाही. म्हणून त्याची नोट होते, पासबुक होते, सही होते, शिक्का होतो. शिक्का नीट उमटला नाही की माणूस परत येतो. त्याला शाईशी कर्तव्य नसते, त्याला शाईमागचे हवे असते.

हा विषय का घेतला, तेही सांगून टाकतो. आपल्या विहारात मोठी मूर्ती बसवावी, की तेच पैसे मुलांच्या अभ्यासिकेला लावावेत, हा वाद आपल्यात बरेच दिवस चालू आहे. एक बाजू म्हणते, मूर्ती मोठी असेल तर समाजाची मान उंच होते, श्रद्धा टिकते. दुसरी बाजू म्हणते, आपण देव सोडले ते काय मूर्ती धरायला? दोन्हींकडे आपलीच माणसे आहेत, आणि काहींचे बोलणे तुटण्यापर्यंत वेळ आली आहे. मला या वादावर मत आहे आणि ते मी सांगणार आहे. पण त्याआधी आपल्याला दोन हजार वर्षे मागे न्यायचे आहे. लांब जायला नको, जुन्नरपर्यंतच.

जुन्नरच्या पश्चिमेला पाडळीच्या बाजूला तुळजा लेणी आहेत. लेण्याद्रीला आपल्यापैकी बहुतेक सगळे जाऊन आले असतील, तुळजाला फारच थोडे. तिथले चैत्यगृह गोल आहे. कार्ले-भाजे इथल्यासारखी लांबट, कमानदार रचना तिथे नाही. मध्ये स्तूप, त्याच्याभोवती अष्टकोनी बारा खांबांचे कडे आणि वर घुमटासारखे छत. खांबांवर नक्षी नाही, खाली-वर घट नाहीत, प्राणी नाहीत. एखाद्या गोल झोपडीत मधोमध कणगी ठेवावी तसा तो स्तूप उभा आहे. आत गेलेला माणूस उभा राहून काय करतो? तो फिरतो. बघण्यासारखे काही नाही म्हणून चालायला लागतो. तोंड एका दिशेला करून हात जोडावेत अशी ती जागाच नाही, कारण गोलाला पुढची बाजू नसते.

बुद्धाची मूर्ती तिथे नाही. लेण्याद्रीच्या मोठ्या चैत्यगृहातही नाही. तिथे खांबांवर हत्ती आहेत, वाघ-सिंह आहेत, घटाचे आकार आहेत, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत, पण ज्याच्यासाठी हे सगळे केले तो माणूस कोरलेला नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. त्यातल्या जुन्या चैत्यगृहांची हीच रीत. कारागिरांना माणूस कोरता येत नव्हता असे म्हणावे, तर तुळजालाच दर्शनी भागावर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या दिसतात. येत होते, तरी कोरला नाही.

सांचीच्या पूर्व तोरणावर तर कमालच केली आहे. सिद्धार्थाचे गृहत्याग दाखवायचे आहे. कपिलवस्तू दाखवली, कंथक घोडा दाखवला, तोच घोडा पुढे पुढे जाताना पुन्हा पुन्हा दाखवला, त्याचे खूर उचलून धरणारे देवही दाखवले. घोड्याच्या वर छत्र आहे आणि पाठीवर कुणी नाही. शेवटी पावलांच्या खुणा येतात, त्यांना वंदन होते आणि घोडा परत फिरतो. परतताना त्याच्यावर छत्र नाही. जाताना रिकाम्या पाठीवर छत्र होते, येताना पाठही रिकामी आणि वरही काही नाही. दोन रिकामेपणांतला फरक त्या शिल्पकाराने एका छत्रावर दाखवला. घरातून कायमचे निघून जाणे ही गोष्ट याहून कमी दगडात कुणी सांगितली असेल असे मला वाटत नाही.

असे का केले, यावर विद्वानांत मतभेद आहेत. फ्रान्सचे फूशे यांच्यापासून पुष्कळांनी असे मानले, की ज्याचे परिनिर्वाण झाले त्याला पुन्हा देहात दाखवणे त्या काळच्या लोकांना पटत नव्हते. म्हणून बोधिवृक्ष, चक्र, पाऊल, रिकामे आसन ही चिन्हे आली. सुसान हंटिंग्टन यांनी १९९० मध्ये याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की या शिल्पांपैकी पुष्कळ ठिकाणी बुद्धाच्या जागी चिन्ह ठेवलेले नाही, त्या त्या पवित्र स्थळाला लोक वंदन करतात तेच चित्र आहे. मला यात फार मोठे भांडण दिसत नाही. झाडाला वंदन करणारा माणूस झाडावरच थांबला असता, तर ते झाड इतक्या ठिकाणी कोरले गेले नसते.

आता याच तालुक्यातला दुसरा प्रकार बघा. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांनी आपल्या घराण्याच्या मूर्ती कोरवून घेतल्या होत्या. प्रत्येकीवर नाव होते : सिमुक सातवाहन, नायनिका आणि सातकर्णी, राजपुत्र, महारठी. आज नावे वाचता येतात आणि खाली पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. ज्यांनी स्वतःला दगडात पुरते बसवले त्यांची पावले उरली. ज्याला मुद्दाम पावलांनीच दाखवले त्याची पूर्ण आकृती लोकांच्या मनात राहिली. हा योगायोग आहे, त्यातून सिद्धान्त काढू नये, पण घाट चढताना तो आठवल्याशिवाय राहत नाही.

नाणेघाटच्या त्या लेखात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे आहेत. आपल्या देशातल्या जुन्या अंकलेखनात त्यांना मोठे स्थान आहे. आकडेमोडीत जन्म गेलेल्या माणसाला ते बघताना एक गोष्ट जाणवते : तिथे शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. ‘काही नाही’ याला खूण नव्हती, म्हणून प्रत्येक मोठ्या राशीला स्वतंत्र खूण करावी लागे. पुढे ‘काही नाही’ यालाच आकार मिळाला आणि सगळे हिशेब सोपे झाले. बौद्ध आचार्यांनी, विशेषतः नागार्जुनाने, शून्यता हा शब्द तत्त्वज्ञानात चालवला आणि गणितातही तोच शब्द रुजला.

भाषेतही हेच घडते, आणि इथे तर आपण सगळे रोजचे कारागीर आहोत. आपल्या आया-बहिणींनी दुःखासाठी ‘दुःख’ हा शब्द क्वचितच वापरला असेल. त्या म्हणतात, पोटात कालवलं, काळजाचं पाणी झालं, हातपाय गळाले, जीव टांगणीला लागला. अमूर्त भावनेला लगेच अवयव मिळतो, वजन मिळते. तथागतांची भाषा याच जातीची होती. ते पंडितांच्या भाषेत बोलले नाहीत, लोकांच्या बोलीत बोलले. त्यामुळे धम्मातले मोठमोठे शब्द मुळात घरातले, शेतातले आहेत. आपण ते पोथीतले समजून त्यांना हार घालतो, म्हणून कळेनासे होतात.

‘तण्हा’ हा शब्द घ्या. दुःखाचे कारण तृष्णा, असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मुले म्हणतात आणि विसरतात. पण तण्हा म्हणजेच आपली तहान. शब्द तोच आहे, झिजून मराठीत आला आहे. वैशाखात आदिवासी वाडीवरून डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला तण्हा समजावून सांगावी लागणार नाही. पाणी प्यावे, तहान भागावी, आणि तासाभराने ती पुन्हा लागावी, हा सगळा दुसऱ्या आर्यसत्याचा पाठ तिच्या घशात आहे.

‘निब्बान’ म्हणजे विझणे, निवणे. आपण म्हणतो ना, चहा निवू दे, मग पी. आजारी मुलाचा ताप उतरला की आजी म्हणते, जीव निवला. हे निवणे त्याच कुळातले आहे. निर्वाण म्हटले की आपल्याला कुठेतरी वर, ढगांच्या पलीकडे काहीतरी वाटते. मूळ शब्द चुलीजवळचा आहे. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले, की मुक्त झालेला माणूस मेल्यावर कुठे जातो? त्यावर तथागतांनी त्यालाच विचारले, की समोरची आग विझली तर ती कोणत्या दिशेला गेली असे म्हणशील? पूर्वेला, पश्चिमेला? वच्छगोत्त म्हणाला, हा प्रश्नच लागू होत नाही, गवत-काटक्या संपल्या म्हणून ती विझली. एवढा अवघड प्रश्न काडी-काटकीवर सुटला. पालीत उपादान म्हणजे आसक्ती आणि उपादान म्हणजे सरपणही, हे लक्षात घेतले की त्या उत्तराची आणखी एक घडी उलगडते.

‘खंध’ म्हणजे स्कंध. पंचस्कंध शिकवताना मास्तरांचा घाम निघतो. पण खांदा हा शब्द त्याच स्कंधापासून आला, आणि संयुत्त निकायात भार सुत्त आहे. त्यात हे पाच स्कंध म्हणजे ओझे, असेच सांगितले आहे. खांद्यावरून पोते उतरवले की हमाल कसा श्वास सोडतो, ते मंचरच्या बाजार समितीत जाऊन मुलांना दाखवा. धडा अर्धा झाला.

किसागोतमीची मोहरी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती गोष्ट मी पुन्हा सांगत नाही. एवढेच बघा, की ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, हे सांगताना मृत्यू अटळ आहे हे वाक्य तिला कुणी ऐकवले नाही. तिला दारोदार चालायला लावले. तुळजाच्या लेण्यातही माणसाला चालायलाच लागते.

आता लेण्यांतल्या लेखांकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या वादाचे उत्तर तिथे आहे. जुन्नरच्या शिलालेखांत एक शब्द वारंवार येतो : ‘देयधम’. देण्याचा धर्म, धर्म म्हणून दिलेली वस्तू. धम्म ही केवढी सूक्ष्म गोष्ट, पण हे लोक तिला देता येण्याजोगी करतात. आणि देतात काय? लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. नहपान राजाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पाण्याची पोढी आणि मंडप दिला. पोढी म्हणजे टाके. यवन, म्हणजे ग्रीक कुळातल्या म्हणवणाऱ्या तिघांची दाने इथे आहेत. इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला, आणि चंदाने मानमोडीच्या भूतलेण्यातले दर्शनी द्वार दिले. अदुथुम नावाच्या शक उपासकाने तर जमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे लावून दिले : वडालिका गावातली वीस निवर्तने करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातली नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी. यवन आणि शक! या मातीत परके म्हणून आलेली माणसे. त्यांनी करुणा या शब्दावर प्रवचन केले नाही. पाणी, जेवायची जागा आणि सावली दिली.

बँकेतल्या माणसाला यातली श्रेणीची गोष्ट विशेष भावते. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. त्यातले २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी काढायचे नाही, व्याजातून भिक्षूंची चीवरे आणि किरकोळ खर्च भागवायचा. अशा ठेवीला शब्द आहे ‘अक्षयनीवी’. नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठ, आणि नीवी म्हणजे भांडवलही. आपल्या बायका कनवटीला पैसे बांधतात तीच ही गाठ. न संपणारे औदार्य या कल्पनेला आपल्या पूर्वजांनी न सुटणारी गाठ असे रूप दिले आणि पुढे व्याजाचा दरही लिहून ठेवला. आम्ही मुदत ठेवीच्या पावतीवर याहून जास्त काय लिहितो?

मात्र आकाराला एक धोका असतो. आशय निघून गेला तरी आकार उभाच राहतो, आणि रिकामे घर कुणी रिकामे ठेवत नाही. चंदाने ज्याचे द्वार दिले त्या लेण्याच्या कमानीत कमळाच्या पाकळ्या आहेत, मध्ये स्त्री आहे, दोन्ही बाजूंना हत्ती आहेत. तिला लक्ष्मी म्हणतात. सांचीच्या अशाच आकृतीत काही अभ्यासकांना मायादेवी दिसली. आणि त्या लेण्याला लोकांनी नाव काय दिले? भूतलेणी. भिक्षू गेले, लिपी वाचणारे गेले, अंधारात एक दगडी घुमट उरला. भूतच म्हणणार. शेजारच्या गटाला अंबिकेचे नाव आहे, तिकडे तुळजाभवानी आली, लेण्याद्रीच्या मोठ्या विहारात गिरिजात्मज बसला. यावर रागावून काही साधत नाही. ज्यांना अर्थ ठाऊक होता त्यांच्यामागे तो सांगणारे उरले नाहीत, एवढे खरे आहे.

याच्या उलट उदाहरणही आपल्या शेजारी आहे. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याचे नाव पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला आहे, बाजार मंचरला आहे, आंबेगाव फक्त कागदावर आणि बोलण्यात आहे. तरी नाव चालू आहे, कारण सांगणारी माणसे आहेत.

आता मूर्तीविषयी. मूर्ती म्हणजे धम्माचा ऱ्हास, असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत मथुरा आणि गांधार इथे बुद्धमूर्ती घडू लागल्या आणि त्यांनी अर्ध्या जगाला शांत चेहरा म्हणजे काय ते दाखवले. आपल्याच पुणे जिल्ह्यात देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट. बाबासाहेबांना रूपाचे सामर्थ्य पुरेपूर कळत होते. राष्ट्रध्वजावर चोवीस आऱ्यांचे चक्र आले, तेही तसेच. गावोगावी त्यांचा पुतळा उभा आहे त्याच्या हातात काय आहे? पुस्तक. समता, कायदा, शिक्षण या तीन न दिसणाऱ्या गोष्टी एका पुस्तकात धरल्या आहेत, म्हणूनच तो पुतळा कुणाला खुपतो आणि कुणाला उभे राहायला बळ देतो.

आपल्या विहारात बुद्धमूर्ती आहे. लहान आहे, पण प्रसन्न आहे. तिच्यापुढे बसून मन निवते. ती आणखी सहा फूट वाढवल्याने ते अधिक निवेल का? मला वाटते, नाही. वाढेल तो आपला अभिमान, आणि अभिमानाला धम्मात वेगळे नाव आहे. दीक्षाभूमीचा स्तूप पाहा. काम १९७८ मध्ये सुरू झाले, १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. जुने स्तूप भरीव असत, त्यांच्या आत जाता येत नसे. हा आतून पोकळ आहे. वास्तुशिल्पी शिवदान मल यांनी धातू ठेवण्याच्या जागी माणसांना जागा दिली. ज्यांना शतकानुशतके देवळाबाहेर उभे केले, ती माणसे स्तूपाच्या पोटात जाऊन बसतात. समता या शब्दाचे याहून नेमके रूप मला ठाऊक नाही, आणि ते रूप मोठे आहे म्हणून नेमके नाही, आत शिरता येते म्हणून आहे.

म्हणून माझे मत अभ्यासिकेच्या बाजूने आहे. जुन्नरच्या चिटाचा भोजनमंडप आणि इरिलाच्या पोढ्या ज्या कुळातल्या, त्याच कुळातली अभ्यासिका. दहा बाय वीसची खोली, बारा टेबले, चांगला उजेड, रात्री अकरापर्यंत उघडे दार. दहावी-बारावीच्या मुलींना घरात एक कोपरा मिळत नाही, त्यांच्यासाठी मैत्री या शब्दाचा आकार टेबलाएवढा आहे. भिंतीवर दात्यांची नावे अवश्य लिहू. जुन्नरच्या दात्यांनीही लिहिली, त्यात कमीपणा नाही. फक्त पंख्याच्या पात्यांवर नको. ती वीज गेल्याशिवाय वाचता येत नाहीत. आणि नावाआधी ‘देयधम’ हा शब्द लिहावा, अशी माझी सूचना आहे.

पैशाचे म्हणाल, तर जमलेली रक्कम सगळी बांधकामात घालू नये. काही भाग अक्षयनीवी म्हणून मुदत ठेवीत ठेवावा आणि व्याजातून दरवर्षी पुस्तके, वीजबिल आणि रखवालदाराचे मानधन भागवावे. खाते संस्थेच्या नावाने, सह्या तिघांच्या, कुठल्याही दोघांच्या सहीने व्यवहार. मुद्दलाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, असे घटनेत लिहून घ्यावे. ज्यांचा मोठ्या मूर्तीचा आग्रह होता त्यांनीच या तिघांत यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. आजच्या सभेत मतदान नको. ठरावाचा मसुदा मी फलकावर लावला आहे, वाचून कुणाला काही खोडायचे असेल तर पेन्सिलने खोडावे.

पाऊस ओसरला की मुलांना तुळजा लेण्यांवर न्यायचे ठरले आहे. वाट निसरडी असते, सोबत बॅटरी आणि प्यायला पाणी घ्यावे. आत गेल्यावर त्यांना लगेच माहिती सांगू नये, आधी दोन फेऱ्या घालू द्याव्यात.

नमो बुद्धाय. जय भीम.